वेळ संपला, बोलणं राहिलं

मित्रांनो, कॉफीच्या दुकानात गल्ल्याखालचं कपाट उघडलं, की कान तुटलेल्या कपांच्या शेजारी एक काळा डबा दिसतो. तो मी. मी वायफायचा जुना राउटर आहे. माझ्या दोन शिंगांपैकी एक मोडलं आहे आणि पाठीवर धूळ साचली आहे. पण तुमच्यासमोर मान खाली जाते ती त्यामुळे नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात बारीक बारीक तारा जोडल्या. दूरच्या माणसांना जवळ आणायचं, हेच माझं काम. याहून पुण्याचं काम कोणतं, असं मला तेव्हा वाटे.

एके दिवशी कॉफीच्या दुकानाच्या मालकाने मला विकत आणून भिंतीवर उंच बसवलं. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, आलेल्या माणसाला पाणी देतो, तसं हेही देऊ या की!"

"अगं, फुकट दिलं तर लोक एका कपावर मुक्काम ठोकतील. अंथरुणं तेवढी आणायची राहतील!" मालक म्हणाले.

मालकांचंही अगदीच खोटं नव्हतं. दुकानाचं भाडं चढतच होतं. मग त्यांनी माझ्या मागे एक यंत्र जोडलं. गल्ल्यावर पैसे भरले, की एक चिठ्ठी निघे. तिच्यावरचा आकडा फोनमध्ये घातला, की मी दार उघडायचो. अर्ध्या तासाची चिठ्ठी कॉफीहून महाग होती. वेळ संपला, की मी दार लावून घ्यायचो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "काय वेग आहे!" म्हणत लोक माझ्याकडे मान वर करून बघत. मित्रांनो, बोलायला देवाने मला जीभ दिली नाही, पण मनातलं खरं ते सांगतो. मी उतलो, मातलो. पैसे न भरणाऱ्यांचे फोन माझ्या दाराशी घुटमळत, तेव्हा मला मोठेपणा वाटे.

अशातच एक ताई आल्या. त्या शिवणकाम करत. दुकानातल्या पोरांचे एप्रन त्यांनीच शिवलेले. त्यांची धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहत होती. आई अखेरच्या आजारात असताना धाकटीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. तिला धक्का बसू नये म्हणून ताईंनी तिला काहीच कळवलं नाही. कळलं तेव्हा आई जाऊन सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दोघींमध्ये अबोला होता. ताईंनी भाचीचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी धाकटीने बोलायचं कबूल केलं होतं. ताईंच्या खोलीत फोनचं चित्र काही केल्या उमटत नसे, म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

त्यांनी कॉफी आणि चिठ्ठी एकदमच घेतली. बहिणीशी बोलताना मध्येच घोट घेणं बरं दिसणार नाही, म्हणून आधी सावकाश कॉफी संपवली. पदराने ओठ टिपले. दोनदा केस सारखे केले. खरं तर त्या धीर गोळा करत होत्या. बोलायला लागू तेव्हापासून वेळ धरतील, अशी त्यांची भाबडी समजूत होती. मी मात्र चिठ्ठी निघाल्या क्षणापासून मोजत होतो. त्यांचा घोट मोजला, त्यांची भीतीही मोजली.

शेवटी धाकटीचा चेहरा दिसला. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग ताई एकदम म्हणाल्या, "माझं चुकलं गं. आपल्या आईपासून मी तुला तोडलं. मला माफ करशील?"

धाकटीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, मी..."

आणि मी दार लावलं.

आठ्या घातलेला तो चेहरा क्षणभर तसाच थिजला, मग गेला. 'तुमचा वेळ संपला आहे' ही माझी पाटी वेगळ्याच पानावर उघडे. बोलणाऱ्याला ती दिसतच नसे. ताईंनी फोन उलटा ठेवला आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे होतं? जोडायला आलेला मी, तोडून बसलो होतो.

कितीतरी महिन्यांनी ताई नव्या एप्रनची मापं घ्यायला आल्या. मालकीणबाईंनी सहज विचारलं, "धाकटी बरी आहे ना?"

"असेल. मी माफी मागितली आणि तिनं फोन ठेवला. इथंच, या टेबलावर."

"ठेवला? की चित्र थिजलं आणि गेलं?"

"थिजलं. तिच्या त्या आठ्या अजून डोळ्यांपुढून जात नाहीत."

मालकीणबाईंनी वर माझ्याकडे पाहिलं. "अहो ताई, तिनं नाही ठेवला! या मेल्या डब्यानं ठेवला!"

"वेळ चिठ्ठीवर छापलेला असतो," मालक हळूच म्हणाले.

"हो, मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात!"

मालक उठले आणि माझ्या मागचं ते यंत्र त्यांनी उपटून काढलं. "बोला ताई," ते खाली बघत म्हणाले, "लागेल तेवढं बोला."

ताईंनी तिथूनच फोन लावला. पलीकडून धाकटी कडाडलीच. "आता आठवण झाली? मी रडू आवरत 'मीच तुला फार छळलं' म्हणत होते, आणि तू खुशाल निघून गेलीस!"

"अगं बाई, मी कुठे गेले? डबा गेला!" ताई हसता हसता रडू लागल्या.

मग एक चिमुरडी धावत पडद्यासमोर आली. ताई बघतच राहिल्या. "चालायला लागली?"

"केव्हाच! पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तुला दाखवायचं फार मनात होतं. पण म्हटलं, तूच फोन ठेवलास ना."

मित्रांनो, भाची त्यानंतर पुष्कळ चालली, पडली, नाचली. मावशीने ते सगळं डोळे भरून पाहिलं. ते पहिलं पाऊल मात्र तिला कुणी दाखवू शकणार नाही. याची मला अजून लाज वाटते.

दुकान चालवणाऱ्यांनी मोल जरूर घ्यावं, पण दार लावण्याआधी हाक मारावी. आणि तुम्ही एवढं कराच. आपलं माणूस बोलता बोलता मध्येच गप्प झालं, तर त्याचा राग मनात धरून बसू नका. आधी त्याला परत एक फोन करा.