भांडायला कुणीतरी

"घोड्याने उंट मारला!" भोंगा ओरडली. तिला हळू बोलताच येत नसे. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

मनीने आपल्या पटावर बोटं फिरवली. अंधांच्या बुद्धिबळात दोघींचे पट वेगळे असतात. चाल तोंडाने सांगायची आणि समोरच्याची सोंगटीही आपणच आपल्या पटावरच्या भोकात खोचायची. मनीच्या पटावर भोंगाचा घोडा उंटाच्या आसपासही नव्हता. कुणीतरी मागे कधीतरी शेजारच्या भोकात सोंगटी खोचली होती, आणि तेव्हापासून दोघी दोन वेगळे डाव खेळत होत्या.

गप्प बसून उंट देऊन टाकला असता तर भोंगा जिंकली असती. मनीला ते चाललं असतं. तिला स्पर्धेची ढाल नको होती, भोंगा हवी होती.

मनीच्या शाळेत अंध अशी ती एकटीच. तिला जिन्यावरून न्यायला बाईंनी पाळ्या लावल्या होत्या. सोमवारची मुलगी सोमवारी गोड बोलायची आणि मंगळवारी शेजारून मुकाट्याने निघून जायची. काल स्पर्धेच्या ठिकाणी जेवताना हे सांगितल्यावर भोंगाच्या घशात घास अडकला होता.

"अगं बाई! म्हणजे तुला भांडायला कुणीच नाही?"

"नाही."

"मग उद्या माझ्याशी भांड. पण एक सांगते, कुणी दया येऊन मला जिंकू दिलं ना, तर मी जन्मात त्याचं तोंड बघत नाही." मग स्वतःच खो खो हसत म्हणाली, "तसंही बघत नाही म्हणा!"

मनीसुद्धा पोट धरून हसली होती. अशी ती किती वर्षांत हसली नव्हती.

आता मनीने पटावरचा हात वर केला. "सर, पट जुळत नाहीत."

पंचांनी दोन्ही पट तपासले, लिहिलेल्या चाली वाचल्या. चूक भोंगाची होती. घोडा मागे गेला, आणि तिथून सहाव्या चालीला भोंगा हरली. खुर्ची करकरली. भोंगा एक शब्दही न बोलता उठून गेली.

परतीच्या गाडीला अर्धा तास होता. मनीला अंगणातल्या बाकावर बसवून आई सामान घेऊन गाडीच्या रांगेत उभी राहिली. कर्ण्यावरून बक्षिसांची नावं चालली होती, गाड्या घरघरत होत्या. मनी जीव कानात आणून तो मोठा आवाज शोधत होती. मनात वाक्य तयार होतं: रागावलीस तर रागाव, पण भांड तरी. मध्येच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन टेकलं. कुणाचे तरी पालक असतील. डोळस माणसं तिच्या शेजारी अशीच न बोलता बसत. मग आईने हाक मारली.

गाडी गावाबाहेर पडल्यावर आई म्हणाली, "मने, ती तुझी मोठ्या आवाजाची मैत्रीण चांगली आहे हो. हरली तरी तुझ्यापाशी येऊन बसली."

"कुठे?"

"कुठे काय? बाकावर! तुम्ही दोघी चांगला वेळ बसला होतात की. मी लांबून बघत होते. मुद्दामच आले नाही मध्ये. म्हटलं, चाललंय पोरींचं, चालू दे." आईचा आवाज भरून आला होता. "तुला असं कुणाबरोबर बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं गं."

म्हणजे बाकाच्या टोकाला टेकलेले ते कुणाचे पालक नव्हते. मनीला ना भोंगाचं गाव ठाऊक होतं, ना खरं नाव.

"काय बोललात एवढं?" आईने विचारलं.

मनीने तोंड खिडकीकडे वळवलं.

"भांडलो," ती म्हणाली. "खूप भांडलो."

आई समाधानाने हसली आणि तिने मनीच्या मांडीवर शाल पांघरली.