दुसरी कॉफी झालीच नाही

विसोको गावात पाहुण्याला तीन कॉफ्या मिळतात. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची. आणि तिसरी, पाणचट, समोर आली की मुकाट्यानं उठायचं. झुम्रानं थोरल्या बहिणीला, हायरियाला, पहिलीनंतर थेट तिसरीच आणून दिली आणि परत शिलाई मशीनवर जाऊन बसली.

तिचं डोकं फिरलं होतं. हॉटेलवाल्याला चाळीस पडदे संध्याकाळपर्यंत हवे होते, फोन थांबायला तयार नव्हता, आणि ही बाई महिन्यात चौथ्यांदा येऊन ऐसपैस बसली होती. माणसाला काही कामधंदा नसला की तो दुसऱ्याच्या उरावर येऊन बसतो, असं झुम्राचं स्पष्ट मत होतं.

पण हायरिया उठली नाही. तिनं कप बोटानं दूर सारला.

"हे धुवण तू पी."

"ताई, मला मरायला वेळ नाही!"

"दिसतंय ते. नवरा गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलासुद्धा आत बसून कुणाची तरी विजार आखूड करत होतीस."

"मग काय करू? तुझ्यासारखी खिडकीत बसून माश्या मारू? घर कोण चालवणार?"

"कुणाचं घर? मुलं केव्हाच उडून गेली. बसलीस की त्याची आठवण येते, म्हणून बसत नाहीस तू. एवढंच आहे."

झुम्रा ताडकन उठली. पडदा मशीनवरून घसरून खाली पडला. "तोंड सांभाळ हं! येतेस कशाला मग सारखी?"

"सांगायला. घर विकलं मी. शुक्रवारी मुलगा न्यायला येतोय, परदेशात, ग्राट्सला. कायमचं. तीनदा आले सांगायला, तिन्ही वेळा तू हेच पाणी पुढे ठेवलंस."

आज बुधवार होता. झुम्रा आणखीच भडकली.

"दारातूनच सांगायचंस ना!"

"दारातून सांगण्यासारखं आहे का हे?"

तेवढ्यात फोन वाजला. झुम्रानं तो खसकन उचलला. "पडदे होतील तेव्हा होतील! तोवर खिडक्या उघड्या राहू देत, कुणाला काय बघायचं ते बघू दे!" फोन आपटून तिनं मशीनची वायर भिंतीतून उपसली.

ऐन दुपारी ही खोली इतकी गप्प कधी झालीच नव्हती. झुम्रा खुर्चीत बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. ग्राट्सचा, भाच्याचा, पडद्यांचा, सगळ्यांचा तिला संताप आला. पण सर्वांत जास्त स्वतःचा. ते तिन्ही कप तिनंच भरले होते.

हायरियानं गुडघ्यावर हात टेकले आणि ती उठली. "सांगून झालं माझं. चालू दे तुझं काम."

झुम्रा तिच्या आधी दाराशी पोचली. तिथं काढून ठेवलेले बहिणीचे बूट तिनं उचलले, कापडांच्या कपाटात भिरकावले, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. तिचे गाल ओले झाले होते, तरी आवाज चढलेलाच होता.

"बस खाली! जायचं ते शुक्रवारी जा. तोवर मला काही काम नाही."