बाबांची मराठी

लंडनहून आलेली गाडी नॉटिंगहॅम स्टेशनात शिरली, तेव्हा पद्माकर सांगायची वाक्यं मनात पुन्हा घोकत होता. बायकोला बरं नाही. इतक्या लांबून आलीस, बरं वाटलं. इथंच कॉफी पिऊ, मग पुढच्या गाडीनं तुला परत जाता येईल. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्यानं ती वाक्यं इंग्रजीत बांधून ठेवली होती. मराठीत ती त्याच्या तोंडून निघाली नसती.

मेगन नावाच्या या अमेरिकन मुलीला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोन आला तेव्हा त्याची बायको श्यामला हॉस्पिटलात ड्यूटीवर होती, म्हणून तो त्याच्या हाती लागला. मी ईशानीबरोबर बर्नला होते, आता लंडनला आलेय, तुम्हा दोघांना भेटायचंय, असं ती म्हणाली. नाही म्हणता आलं नाही, म्हणून त्यानं हो म्हटलं. श्यामलाला मात्र यातलं काही सांगितलं नाही.

ईशानी त्यांची एकुलती एक मुलगी. पद्माकर तरुणपणी न्यू जर्सीत भावाच्या दुकानात होता, तेव्हा तिचा जन्म झाला, त्यामुळे पासपोर्ट अमेरिकन. पुढे श्यामलाला इथं नर्सची नोकरी लागली आणि मुलगी वाढली ती नॉटिंगहॅममध्ये. कॉलेजला मात्र ती ओहायोला, तोवर तिथं गेलेल्या काकांकडे गेली. तिथून दोन हजार चारच्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या अमेरिकन वकिलातीत तिला इंटर्नशिप मिळाली. पगार नव्हता, पण गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो तिनं लगेच पाठवला होता.

बर्नमध्ये उन्हाळ्यात लोक ऑफिस सुटलं की नदीत उतरतात. वरच्या अंगाला पाण्यात शिरायचं, प्रवाहाबरोबर वाहत यायचं आणि खाली काठाशी लावलेला कठडा धरून बाहेर पडायचं. इंटर्न पोरंही जायची. एका संध्याकाळी ईशानीचा कठडा हुकला. तिला पोहायला पद्माकरनंच शिकवलं होतं.

त्यानंतर घरात तिचं नाव निघेनासं झालं. काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात एकदा श्यामला पोळ्या करता करता थांबली, जिन्याकडे बघत म्हणाली, "आली वाटतं." मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि तीही गप्प झाली. पद्माकर ट्राम चालवायचा. स्विमिंगहून परतणाऱ्या ओल्या केसांच्या मुली चढल्या की आरशात त्यांचे चेहरे बघितल्याशिवाय त्याचा हात दार बंद करायच्या बटणाकडे जात नसे. हे त्यानं श्यामलाला कधी सांगितलं नव्हतं. तिची जुनी जखम कुणी परक्या मुलीनं येऊन उकरू नये, एवढंच त्याला वाटत होतं. जखम नक्की कुणाची, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नव्हता.

गाडीतून एक उंच, नाकावर वांग असलेली मुलगी उतरली. पाठीवर भलीमोठी सॅक होती. तिनं त्याला लगेच ओळखलं. प्लॅटफॉर्मवरून जिना चढून ती त्याच्यासमोर आली, सॅक खाली टेकवली आणि धापा टाकत म्हणाली,

"काका, मी खूप दमलो."

त्या गोऱ्या मुलीच्या तोंडी मराठी ऐकून दचकायला हवं होतं, पण त्याआधीच त्याची जीभ आपल्या जुन्या वाटेनं चालू लागली. "दमले म्हणायचं," तो म्हणाला. "मुलगी आहेस ना तू."

मेगन हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. "ईशानी तुमची अशीच नक्कल करायची," ती इंग्रजीत म्हणाली. "अगदी अशीच. याच आवाजात."

दोघं स्टेशनातल्या कॅफेत गेले. घोकलेली वाक्यं त्याला आठवत होती, पण मेगनच बोलत राहिली. बर्नमध्ये एका म्हाताऱ्या बाईच्या माळ्यावर दोघी एका खोलीत राहायच्या. वकिलातीत त्यांना झेरॉक्स काढणं आणि हरवलेल्या पासपोर्टांचे अर्ज लावून ठेवणं, एवढंच काम. चार जुलैच्या पार्टीसाठी दोघींनी दिवसभर फुगे फुगवले होते. साहेबांसमोर एकमेकींशी बोलता यावं म्हणून ईशानीनं तिला मराठी शिकवली. साहेबांचं नाव त्यांनी बटाटा ठेवलं होतं. एकदा बटाटा हा शब्द तिथं आलेल्या एका गुजराती गृहस्थांना कळला आणि ते हसू लागले, तेव्हा दोघींची भंबेरी उडाली.

पद्माकर ऐकत होता. या ईशानीला तो ओळखत नव्हता. रविवारी फोनवर ती त्याच्याशी मोजकंच बोलायची. मी जेवलो, मी बरा आहे. तो चूक दुरुस्त करायचा. ती पुन्हा चुकायची. हळूहळू ती त्याच्याशी इंग्रजीच बोलू लागली होती. पोरीला आपल्या भाषेची पर्वा नाही, असं त्यानं श्यामलाला चिडून कितीदा तरी ऐकवलं होतं.

"एकदा कौंटरवर एक मराठी बाई आली होती," मेगन सांगत होती. "मी तिच्याशी बोलले, तर ती म्हणाली, तू मुलासारखी का बोलतेस? मी ईशानीला विचारलं, तू मला चुकीचं शिकवलंस का." मग ती थांबली, आठवून एकेक शब्द सावकाश मराठीत म्हणाली, "ईशानी म्हणाली, संध्याकाळी आई ड्यूटीवर. घरी फक्त मी आणि बाबा. बाबा बोलतात तसा मी बोलतो."

कॅफेत कुणीतरी खुर्ची सरकवली. पद्माकर कपाच्या कानाला धरून बसला होता. मी दमलो. मी आलो. मी जेवलो. तेव्हा तो बस चालवायचा; दुपारी डेपोतून घरी आल्यावर तो हेच तर म्हणायचा. घरात दुसरं मराठी बोलायला त्या वेळी कुणी नसायचंच. एवढीशी पोर टेबलापाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत ते उचलत होती, आणि तो तिला तिची चूक दाखवत होता.

तुला आणखी काही सांगायचंय का, असं त्यानं मेगनला विचारलं. त्या संध्याकाळबद्दल तुम्ही विचारलंत तर सांगेन, मेगन म्हणाली, नाही विचारलंत तर नाही. मी त्यासाठी आले नाही. ती भाषा आता मला कुणाशीच बोलता येत नाही. विसरायला लागलेय. विसरले तर ती पुरती जाईल, असं वाटतं.

लंडनची पुढची गाडी लागल्याची घोषणा झाली. दोघांनीही ती ऐकली. पद्माकर उठला, त्यानं तिची सॅक उचलून खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "चल. घरी चल."

बाहेर ट्राम उभी होती. चालवणारा ओळखीचा होता, त्यानं हात केला. पद्माकर प्रवाशासारखा मेगनशेजारी बसला. वाटेत श्यामलाला फोन करावा म्हणून त्यानं दोनदा मोबाइल काढला. दोन्ही वेळा परत खिशात ठेवून तो बाहेर बघत बसला.

त्यानं किल्लीनं दार उघडलं. श्यामलाची आज सुट्टी होती. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, ती भाजी धूत असावी. "अहो, कुठं गेला होता?" ती आतून म्हणाली. मग सॅक टेकल्याचा आवाज ऐकून, "कोण आहे बरोबर?"

मेगन खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती. उत्तर तिनंच दिलं.

"मी आलो."

नळ बंद झाला. मग श्यामला दारात आली. हातांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. तिनं त्या अनोळखी मुलीकडे पाहिलं, पद्माकरकडे पाहिलं, आणि पुन्हा मुलीकडे.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मेगन गोंधळली. आपलं काही चुकलं असं वाटून तिनं पद्माकरकडे बघितलं.

"आलो," पद्माकर हळूच म्हणाला. "तसंच म्हण."