सगळ्यांच्या वाट्याची लिफ्ट

मित्रांनो, मी पाच मजली इमारतीतली एक जुनी लिफ्ट आहे. जाळीचा सरकता दरवाजा, पितळी बटणे आणि धुरकट आरसा, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला जोडले तेव्हा मुकादमाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, "हिला ओझ्याचं काही वाटणार नाही." खरेच होते ते. मी कपाटे वाहिली, पाळणे वाहिले, आजारी माणसे वाहिली आणि रुसलेलीही. माझी मालकी कोणा एकाची नव्हती. प्रत्येक घराचा माझ्यात वाटा होता. फक्त कोणता खिळा कोणाचा, हे कोणालाच सांगता आले नसते.

मधली काही वर्षे माझे फार हाल झाले. माझे दोर कुरकुरत, पण कोणी ढुंकून पाहत नसे. मग इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी कारागीर आणून माझे तेलपाणी करवले आणि आरसा स्वतःच्या हातांनी पुसला. म्हणूनच पुढची हकिकत सांगताना मला त्यांचा राग येत नाही.

चौथ्या मजल्यावर बेकरीवाले काका राहत. जन्मभर भट्टीपुढे उभे राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. पत्नीच्या माघारी घरात ते आणि त्यांचा म्हातारा कुत्रा, दोघेच. कुत्र्याचे नाव भोपळ्या, आणि अंगही नावासारखेच. पायऱ्या दिसल्या की तो बसकण मारी, म्हणून दोघे माझ्यातूनच फिरायला जात. त्याचे केस गळत, हे खरे. एकदा त्याने मेट्रनबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांना अंग घासले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दारावर पाटी लागली: 'प्राण्यांना लिफ्टबंदी. समितीच्या हुकमावरून.'

"समितीत कोण कोण होतं?" काकांनी विचारले.

"मी होते ना," मेट्रनबाई म्हणाल्या. "स्वच्छता सगळ्यांच्याच भल्याची आहे."

काका भांडले नाहीत. भोपळ्याला कडेवर घेऊन ते जिना चढू लागले. जाळीतून मला त्यांची धाप ऐकू येई. मी मात्र शेजारून रिकामी वर-खाली करत असे. ओझ्याचे काही न वाटणारी मी, पण तो रिकामेपणा मला पेलवेना.

एकदा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काकांचा पाय चुकला. आवाज ऐकून सर्वांत आधी धावल्या त्या मेट्रनबाईच. वर्तमानपत्राची जाड घडी करून त्यांनी काकांचे मनगट बांधले आणि त्यांना धरून माझ्यात आणले. भोपळ्या दाराशी येऊन थांबला.

"ये रे, तूही ये आत," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नको," काका कण्हत म्हणाले. "नियम आहे."

मेट्रनबाईंचा चेहरा उतरला. त्या वाकल्या आणि त्यांनी कुत्र्याला स्वतःच उचलून आत घेतले.

संध्याकाळी त्या वकिली करणाऱ्या सुनेबरोबर माझ्यात शिरल्या आणि पाटी उचकटू लागल्या. "काढूनच टाकते. चुकलं माझं."

"थांबा आई," सून म्हणाली. "तुम्ही एकट्यांनी लावली आणि एकट्यांनीच काढली, तर ती तुमची मेहरबानी झाली. उद्या दुसरे अध्यक्ष येतील, पुन्हा लावतील."

"मग काय, सासूवर खटला भरणार?"

"खटला कशाला? सभा बोलवा. सोसायटीच्या नियमांतच लिहिलंय, सामाईक वस्तू वापरायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. वापराला शिस्त लावता येते, पण तीही सभेत ठरवून. हक्कच काढून घेता येत नाही."

आता ठिणगी पडणार, असे मला वाटले. मेट्रनबाईंनी पाटीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "सभेची सूचना तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

सभा माझ्यासमोरच, खालच्या दालनात भरली. कोणीतरी म्हणाले, "काकांवर दया करून परवानगी देऊ या."

प्लास्टरमधला हात सावरत काका उठले. "दया नको. दया घेतली की जन्मभर आभार मानत बसावं लागतं. या लिफ्टमध्ये तुमचा जेवढा वाटा, तेवढाच माझा. केस मी झाडीन. पट्टा बांधीन. एखादं मूल घाबरत असेल तर मागाहून जाईन. आधी विचारलं असतंत, तर आधीच केलं असतं."

काकांचे म्हणणेच ठराव म्हणून मताला टाकले गेले. मग एकेक हात वर झाला. मेट्रनबाईंचाही.

त्या अध्यक्ष राहिल्या. पण पुढे प्रत्येक नियम आधी सभेत वाचला जाऊ लागला. काम लांबे, चहा निवे. माझ्यात कसला दिवा लावावा, यावर तर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. तरी जिन्यावरची ती धाप मला पुन्हा ऐकू आली नाही.

मित्रांनो, आता मी थकले आहे. गेल्या सभेत मला काढून नवी लिफ्ट बसवायचे ठरले. काकांनीही हात वर केला. नंतर माझ्या जाळीवर तळवा टेकून ते म्हणाले, "रागावू नकोस. कुणाच्या जिवावर बेतायला नको." मी रागावले नाही. माझ्या बाजूने बोलणाऱ्यांचेही सर्वांनी ऐकून घेतले होते.

तुमच्याही घराजवळ सगळ्यांच्या वाट्याचे काहीतरी असेल: जिना, अंगण, पाण्याची टाकी. त्याला जपा. त्याचा नियम करताना, ज्याला तो सोसावा लागेल त्याला आधी विचारा. आणि लिफ्टचे दार ओढण्यापूर्वी मागून कोणी हळूहळू येत आहे का, हे एकदा वळून पाहा.