आईला विचारलेला प्रश्न

"फिल्ममधला तेवढा तिच्या वडिलांचा आवाज काढून टाका. हवं तर वर संगीत घाला," प्राचार्यबाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर मी या मुलींना माहितीपट शिकवतेय. कॅमेरा धरायला त्या आठवडाभरात शिकतात. पण ज्याला प्रश्न विचारलाय त्याच्यावरच तो धरून ठेवायचा, मध्येच तोंड घालणाऱ्याकडे वळवायचा नाही, हे शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात. ते नेमकं चिमणीला जमलं होतं. चिमणी हे मुलींनी ठेवलेलं नाव, कारण वर्गात तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही.

तिनं आपल्या आईवर फिल्म केली होती. आई घरी शिलाई मशीनवर गणवेश शिवतेय. चिमणी विचारते, "आई, तुला काय व्हायचं होतं गं?" आई मशीन थांबवते, मान वर करते, बोलायला तोंड उघडते. तेवढ्यात पलंगावरून वडील म्हणतात, "तिला कुठं काय व्हायचं होतं? सुखात आहे ती." आईचं तोंड मिटतं. कॅमेरा जागचा हलत नाही.

वडिलांनी ते मुलीच्या मोबाइलवर पाहिलं आणि तडक कॉलेज गाठलं. चारचौघांत आपली शोभा होईल म्हणे. माझा आवाज काढून टाका, नाहीतर पोरीचं शिक्षण बंद.

"मध्ये बोलले ते, आणि कात्री मुलीनं लावायची?" मी विचारलं. प्राचार्यबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या चिमणीकडे बोट दाखवलं.

"काढते मी, मॅडम," चिमणी म्हणाली. त्या क्षणी मला तिचाही राग आला. मग ती म्हणाली, "पण संगीत नाही घालणार."

फिल्म दाखवली त्या दिवशी सभागृहात पालकही होते. चिमणीचे आईवडील माझ्या पुढच्याच रांगेत बसले होते. पडद्यावर प्रश्न आला. आईनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. सगळे उत्तराची वाट पाहत राहिले. वडील हाताची घडी घालून निवांत बसले होते. त्यांच्या मनासारखं झालं होतं.

शेजारच्या खुर्चीतून आई म्हणाली, "मला बस चालवायची होती."

मागे कुणीतरी हसलं. वडिलांनी वळून विचारलं, "काय?"

"बस," पडद्यावरची नजर न काढता ती मोठ्यानं म्हणाली. "लांब पल्ल्याची."