हिरव्या पाण्याची चोरी

मित्रांनो, मी एक म्हातारा सोनेरी मासा आहे. चीनमधल्या फुचौ शहराच्या एका गल्लीत, अंगणातल्या रांजणात राहतो. स्वभावाने संशयी. रांजणातून माणसं खालून दिसतात, आधी हनुवटी, मग नाकपुड्या. तेवढ्यावरून कुणाचा भरवसा धरणार?

माझा जन्म गावाबाहेरच्या तळ्यातला. यिछ्वानआजोबांनी शंभरातून निवडून मला घरी आणलं. त्यांनी माझं पाणी कधी उपसून टाकलं नाही. उन्हात मुरू देऊन ते हिरवंगार केलं. त्या पाण्यात माझा रंग असा चढला की लोक मुद्दाम बघायला येत. शेजारच्या छ्यूमेईआजी मात्र नाक मुरडायच्या. "भावोजी, हे गटार कधी उपसणार?"

यंदा त्यांनीही दोन मासे आणले. तेव्हापासून आजोबा दुपारी डुलकी घेत असताना एक हात रांजणात येऊ लागला. बादलीभर हिरवं पाणी नेई आणि पातळी उतरलेली दिसू नये म्हणून तेवढंच नळाचं ओती. त्यातलं जंतू मारायचं औषध माझ्या कल्ल्यांना झोंबायचं. आठवड्याभरात मी वर तोंड काढून धापा टाकू लागलो.

आजोबांना आधी मांजराचा संशय आला, मग खाद्यवाल्याचा, शेवटी स्वतःच्या पाण्याचा.

"सहा वर्षांचं पाणी नासलं," ते अंगणात मोठ्याने म्हणाले. "आज सगळं उपसून टाकतो आणि रांजण नळाखाली भरतो."

मी हादरलो. थोडं सोसवत नव्हतं, रांजणभर आलं की कारभार आटोपलाच. त्यांनी पहिली बादली उपसून फेकली, तोच छ्यूमेईआजी धावत आल्या.

"थांबा भावोजी. पाणी चांगलं आहे. त्यात नळाचं मी ओतत होते."

"तुम्ही? ते कशाला?"

"माझे मासे मरायला टेकले होते. म्हणून तुमचं नेत होते."

"मागितलं असतंत तर नाही म्हणालो असतो का?"

"सहा वर्षं नावं ठेवली. कुठल्या तोंडाने मागू?"

 आजोबांनी दुसरी बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली. "न्या, वहिनी. पण बदल्यात मला विचारल्याशिवाय काही ओतू नका."

मी वाचलो. आता त्या राजरोस येतात, दोन दिवस उन्हात ठेवून औषध उडून गेलेलं नळाचं पाणी आजोबांना दाखवून मगच ओततात. तरी त्या आल्या की मी तळ गाठतो. मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर आमच्या पाण्यात काही घालण्याआधी जाणत्याला विचारा. विचारायची लाज तुम्हाला वाटते, श्वास मात्र आमचा कोंडतो.