भट्टीजवळ बाई नको

१९७८ साली सातपूरच्या एका फोर्जिंग कारखान्यात जपानी हॅमर आला. तो बसवायला जपानहून कानेको नावाचे साठीचे मिस्त्री आले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद भिकन पगारेला झाला. हॅमरवर ऑपरेटर म्हणून त्याचीच नेमणूक होती. "बुद्धाला मानणारा देश आहे," त्याने घरी बायकोला, चांगुणाला सांगितलं. "आपलाच माणूस म्हणायचा."

आठवड्याभरात त्याचा हिरमोड झाला. कानेकोंनी हॅमरच्या वर भिंतीला लाकडी फळी ठोकली. तिच्यावर मीठ, तांदूळ आणि पाण्याची वाटी ठेवून ते दोनदा वाकले, दोनदा टाळी वाजवून पुन्हा वाकले. मग दुभाषी मालिनीबाईंकडून निरोप आला, की भट्टीच्या देवीपुढचं पाणी ऑपरेटरने रोज सकाळी बदलायचं.

मालिनीबाई पुण्याला जपानी शिकलेल्या. निरोप त्यांनी शेडच्या दारातूनच ओरडून सांगितला. देवीला भट्टीजवळ बाई चालत नाही म्हणून कानेकोंनी त्यांना पहिल्याच दिवशी आत यायची मनाई केली होती.

"मी नाही बदलणार," भिकन म्हणाला. "खंडेनवमीलाही मी मशीनला कुंकू लावत नाही. सांगा त्यांना."

कानेको रागावले नाहीत. पाणी स्वतःच बदलू लागले. पण एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते लिंबाखाली भिकनशेजारी येऊन बसले आणि त्यांनी मालिनीबाईंमार्फत कारण विचारलं.

"तुम्ही बौद्ध ना?" भिकनने उलट विचारलं. "मग हे काय?"

"आमच्याकडे मूल जन्मलं की देवळात नेतात, माणूस मेला की बुद्धाच्या मंदिरात," कानेको म्हणाले. "दोन्ही घरचेच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लोहार. विस्तवाला हात लावायचा तर आधी देवीला विचारायचं."

"माझ्या बापाला विचारायलाही कोणी आत सोडलं नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील सावळीराम तीस साली काळारामाच्या दारात सत्याग्रहाला उभे होते. कपाळावर दगड बसला, त्याची खूण मरेपर्यंत होती. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले देवांचे टाक गोदावरीत सोडले.

"देवाला आम्ही चालत नव्हतो," भिकन म्हणाला.

मालिनीबाईंनी ते जपानीत सांगितलं. कानेकोंनी डबा तसाच झाकून ठेवला. म्हाताऱ्या माणसाला जेवताना हे ऐकवायला नको होतं, असं भिकनला दिवसभर वाटत राहिलं.

चार दिवस दोघं कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी कानेको मालिनीबाईंना घेऊन पुन्हा लिंबाखाली आले.

"मला एक मुलगी आहे," ते म्हणाले. "तिला लोहारकाम शिकायचं होतं. देवीला चालणार नाही म्हणून मी तिला भट्टीपासून हाकललं. ती ओसाकाला निघून गेली. अकरा वर्षं झाली. देवीला मी खरं तर कधी विचारलंच नव्हतं."

भिकनने डब्यातली भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती खाल्ली.

आठ नोव्हेंबरला जपानात लोहारांचा भात्याचा सण असतो. त्या दिवशी भट्टी पेटवत नाहीत, देवीला संत्री वाहतात. मॅनेजरने त्या दिवशी भट्टी आणि हॅमर बंद ठेवायला परवानगी दिली. कानेकोंनी संत्र्यांची टोपली आणली आणि शेडच्या दारात जाऊन मालिनीबाईंपुढे कमरेत वाकले.

"आत या म्हणतात," मालिनीबाईंनी भिकनला सांगितलं. "संत्री मी ठेवायची."

त्या चपला काढून आत आल्या आणि त्यांनी हात उंच करून एकेक संत्रं फळीवर मांडलं. भिकन शेजारी उभा राहिला. त्याने हात जोडले नाहीत, पण टोपली धरली. उरलेली संत्री सगळ्यांनी मिळून खाल्ली.

त्याच आठवड्यात कानेकोंनी मुलीला पत्र टाकलं. उत्तर यायला दोन महिने लागले. ती ओसाकाच्या एका कारखान्यात लेथवर होती. बापाला हे ठाऊकच नव्हतं. भिकनला हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी लेथचं चाक फिरवून दाखवलं.

जानेवारीत ते परत निघाले. गावी जायच्या आधी ओसाकाला उतरणार होते.